आमच्या खात्यात दोष नाही

तैवानमधल्या सिंचू शहरात दोन गोष्टींना तोटा नाही, वारा आणि इंजिनिअर. त्यातला वारा निदान उन्हाळ्यात पडतो.

ल्याव थिएन-फू राहात त्या इमारतीत तर सायन्स पार्कातून, म्हणजे चिप-कॉम्प्युटरच्या कारखान्यांच्या वसाहतीतून, निवृत्त झालेली मंडळी मजल्यामजल्यावर रचून ठेवल्यासारखी होती. नोकऱ्या सुटल्या तरी हुद्दे सुटले नव्हते. लिफ्टपाशी "संचालकसाहेब, आधी तुम्ही", "छे छे, यो मॅडम, आधी तुम्ही" असं चाले आणि तेवढ्यात लिफ्ट रिकामीच वर निघून जाई. ल्याव यांना सगळे 'कार्डवाले ल्यावसाहेब' म्हणत, कारण ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांचा जन्म गेला होता. कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी ती विटेएवढी वस्तू, जी पडद्यावर चित्रं रंगवते. आता ल्याव त्या कंपनीत कार्डांच्या नव्हे, कार्डांच्या खोक्यांच्या विभागात होते, हे त्यांना कधी कोणी विचारलं नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

तर त्या शनिवारी दुपारी हे कार्डवाले ल्यावसाहेब मुलीच्या खोलीत, मुलीच्या कॉम्प्युटरपुढे गुडघे टेकून बसले होते. कॅबिनेटची एक बाजू उघडून भिंतीला टेकवलेली, स्क्रू चहाच्या बशीत, आणि टेबलावरचा पडदा काळा ठिक्कर.

दारातून बायकोने विचारलं, "अहो, हा काळाच राहणार आहे का?"

"सुरू होतोय. वेळ लागतो त्याला."

"सकाळी थोंग गेली तेव्हा रंगीत होता."

"मला डोळे आहेत, शिऊ-चिन."

"डोळे आहेत हो. हात आहेत हीच पंचाईत आहे."

शिऊ-चिनबाई अशा बोलल्या, पण घड्याळाकडे त्याही पुन्हा पुन्हा बघत होत्या. त्याला कारण होतं. त्यांची मुलगी यू-थोंग घरात बसून खेळांसाठी चित्रं करायची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळांत जे हलणारे, फिरणारे राक्षस आणि जी गावं असतात ती. पार्कातली चांगली नोकरी सोडून ती या उद्योगाला लागली, तेव्हापासून बापलेकीत धुसफूस होती. मध्य-शरदाच्या पौर्णिमेच्या सणाला सगळी इमारत गच्चीवर शेगड्या मांडून मांस भाजत असताना ल्याव यांनी दोन बिअर चढवल्या आणि भरल्या गच्चीत जाहीर केलं, "ड्रॅगन काढून कोणाचं पोट भरलंय? एक दिवस तो डबा मी कचऱ्याच्या गाडीत टाकणार आहे, बघाच!" यू-थोंग हातातली मांसाची काडी शेगडीवर ठेवून खाली निघून गेली. आणि शिऊ-चिनबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "खोक्यांवर ड्रॅगन छापून तर आपलं घर झालं." सुदैवाने तेव्हाच कोणाचं तरी सॉसेज पेटलं आणि ते वाक्य धुरात विरलं.

त्यानंतर एका संध्याकाळी ल्याव यांनी भिंतीपलीकडून आवाज ऐकला. मुलीचा कॉम्प्युटर दम्याच्या पेशंटसारखा धापा टाकत होता आणि ती त्याला म्हणत होती, "थोडं अजून, राजा, थोडंच राहिलंय रे." ल्याव यांना कसंसंच झालं. ज्या पिढीत ते वाढले तिला कोणी माफी मागायला शिकवलं नव्हतं, फळं कापून द्यायला शिकवलं होतं. भांडण झालं की बापाने पेरू कापून मुलांच्या टेबलावर ठेवायचा, की प्रकरण मिटलं. त्यांनी पेरू कापून पाहिला. तो तसाच परत आला. तेव्हा त्यांनी ओळखलं की हे पेरूने भागणारं काम नाही. जुन्या कंपनीत शब्द टाकून त्यांनी सगळ्यात मोठं कार्ड आणलं, आठवडाभर कपाटात स्वतःच्या कोटामागे दडवलं, आणि आज मुलगी तायपेईला गेल्याची संधी साधून तिला चकित करायचं ठरवलं.

आज संध्याकाळी तिला पडद्यावरून ओसाकाच्या एका कंपनीला काम दाखवायचं होतं. दोन वर्षांची मेहनत त्या डब्यात होती. ती घरी येईल, डबा मेलेला दिसेल, आणि मग बाप काय सांगणार? चांगल्या मनाने केलं म्हणून? गच्चीवरची गर्जना साऱ्या इमारतीने ऐकली होती. म्हणजे दिलेला शब्द बापाने पाळला, एवढंच ती समजली असती.

तसं बघितलं तर ल्याव यांनी काही कमी खटपट केली नव्हती. जुनं छोटं कार्ड निघालं, पण नवं आत जाईना, कारण ते आतल्या जागेपेक्षा लांब होतं. पुढच्या बाजूला पत्र्याची एक फळी आडवी येत होती, ती त्यांनी उचकटून काढली. मागच्या दोन पट्ट्या काढल्या, त्यात नख गेलं. कार्ड खाचेत दाबलं, तेव्हा 'खट्' असा आवाज आला. तो कार्ड बसल्याचा की काही मोडल्याचा, यावर ते जरा वेळ विचार करत बसले. विजेच्या दोन जाड वायरी कार्डात खुपसल्या. राहिली पडद्याची केबल. नव्या कार्डाच्या मागच्या सगळ्या भोकांवर काळी रबरी टोपणं होती. ल्याव यांचा जन्म खोक्यांत गेलेला. कंपनीने ज्याला टोपण घातलंय ते गिऱ्हाइकाने उगाच उघडायचं नसतं, ही त्यांची श्रद्धा होती. कार्डाच्या वरच्या अंगाला, कॅबिनेटच्या मूळ पाठीवर, तसंच एक उघडं भोक दिसलं. केबल त्यात इतकी अलगद बसली की ल्याव यांनी स्वतःलाच शाबासकी दिली होती.

त्याला दोन तास झाले होते.

इतक्यात गल्लीतून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं. शिऊ-चिनबाईंनी पिशव्या उचलल्या.

"खाली कोणाला काही सांगू नकोस," ल्याव म्हणाले.

"मी कशाला सांगतेय!"

त्या कचरा घेऊन खाली गेल्या आणि वर येताना समिती घेऊन आल्या.

समितीत तिघं होते. सगळ्यात पुढे संचालक फान. एका चिपच्या कारखान्याचे ते निवृत्त संचालक, कंपनीचं निळं जाकीट अजून घालायचे आणि वाक्य संपल्यावर समोरच्याने ते वहीत टिपून घ्यावं म्हणून थोडे थांबायचे. त्यांच्यामागे यो मॅडम. यांनी वीजपुरवठ्याच्या डब्यांची तपासणी करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. उंच मान, लांब बोटं, पिशवीत कायम वीज मोजायचा मीटर. आणि शेवटी जुआंग, पडद्यांच्या कारखान्यातले. ते बोलायच्या आधी गाल फुगवायचे.

"ल्यावसाहेब, तुम्ही आणि कार्डापुढे हतबल?" जुआंग गाल फुगवून म्हणाले. "म्हणजे दोष मोठाच असणार."

"हतबल कुठे? निरीक्षण चाललंय," ल्याव म्हणाले.

"उत्तम," संचालक फान म्हणाले. "कोणी कशाला हात लावू नका. आधी बैठक."

शिऊ-चिनबाई चहा टाकायला गेल्या. बैठक मुलीच्या पलंगावर भरली.

"पद्धत आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे," फान म्हणाले. "पहिला प्रश्न, दोष कुणाचा नाही?"

पार्कात सगळी चौकशी याच प्रश्नाने सुरू होते. बाहेरच्या माणसाला वाटतं, दोष कुठे आहे ते आधी शोधावं. पण पार्कात ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना अनुभवाने कळलेलं असतं की दोष सापडायच्या आत आपण त्याच्यापासून लांब उभं असलेलं बरं. प्रत्येक खातं आपापलं निर्दोषत्व सिद्ध करतं, आणि शेवटी जे खातं त्या दिवशी रजेवर असेल त्याच्यावर खापर फुटतं.

यो मॅडमनी मीटर काढला, दोन तारा लावल्या, आकडा सगळ्यांना दाखवला. "वीज चोख. आमच्या खात्यात दोष नाही."

जुआंग धावत घरी जाऊन नातवाचा खेळायचा डबा आणि त्याची केबल घेऊन आले. तो डबा त्यांनी पडद्याला जोडला. पडद्यावर लगेच उड्या मारणारं माकड आलं. ते माकड त्यांनी गरजेपेक्षा बराच वेळ उड्या मारू दिलं. "पडदा चोख. आमच्या खात्यात दोष नाही." एवढं बोलून त्यांनी आपली केबल काढली आणि जुनी होती तशी परत लावली.

"चिपचं म्हणाल तर," संचालक फान म्हणाले आणि थांबले, "चिप मरत नसते. तिला मारतात." त्यांनी तपासणी अशी केलीच नाही. संचालकांच्या खात्यात तपासणी खालचे लोक करतात.

मग तिघांनी ल्याव यांच्याकडे पाहिलं.

"राहिलं कार्ड," यो मॅडम म्हणाल्या. "ते तुमचं खातं, भाऊसाहेब."

ल्याव यांनी बशीतला एक स्क्रू उचलून परत ठेवला. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि ती त्यांनी जाऊ दिली. ते म्हणाले, "आमच्याकडे एकूण एक कार्ड तपासून बाहेर पडायचं." यात खोटं काही नव्हतं. प्रत्येक कार्ड खोक्यात बसतं की नाही हे ते स्वतः तपासत.

"म्हणजे कार्डही चोख," फान म्हणाले. "आता केबल. केबलवाला कोणी आहे का आपल्या इमारतीत?"

कोणी नव्हता. केबलचे कारखाने कधीच समुद्रापार, चीनच्या मुख्य भूमीवर निघून गेले होते आणि केबलवालेही त्यांच्याबरोबर गेले होते.

"मग केबलबद्दल आपण बोलणं बरं नव्हे," फान म्हणाले. "ज्याचं खातं त्याने बोलावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा रीतीने त्या खोलीतली एकमेव चूक केवळ सौजन्यापोटी वगळली गेली.

पुढचा बराच वेळ कार्ड एका टोकाला लोंबतंय यावर गेला. कार्ड वजनदार, त्यामुळे त्याचं पुढचं टोक जरा खाली झुकलं होतं. यो मॅडमनी जेवायच्या काड्यांची जोडी मापाने तोडून त्याला टेकू द्यायचं सुचवलं. काडी बांबूची असावी की लाकडाची, यावर मतभेद झाले. फान म्हणाले बांबू, कारण बांबू लवतो. जुआंग म्हणाले लाकूड, कारण ते लवत नाही. शेवटी शिऊ-चिनबाई दोन्ही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एक-एक लावा आणि चहा घ्या. थोंगचा निरोप आलाय, ती बसमध्ये बसली."

ल्याव घाईने उठले. बस तायपेईहून निघाली म्हणजे आता फार वेळ नव्हता. त्यांनी सुरू करायचं बटण परत दाबलं. पंखे फिरले, आत लाल-निळे दिवे लागले, काड्यांच्या टेकूवर कार्ड दिमाखात उभं राहिलं, आणि पडदा होता तसाच काळा राहिला.

तेवढ्यात जुआंग यांची नजर कॅबिनेटच्या माथ्यावर गेली. तिथे एक हिरवा पुडा ठेवला होता, नारळाच्या चवीच्या मक्याच्या फुग्यांचा. असला पुडा पार्कातल्या प्रत्येक यंत्रावर असतो, दवाखान्यातल्या यंत्रावर असतो, तिकिटांच्या यंत्रावर असतो. पुड्याचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं, आणि रंग हिरवा, म्हणजे सगळं सुरळीत. तो ठेवला की यंत्र बिघडत नाही. फोडायचा नाही, खायचा नाही, आणि वेळेवर बदलायचा. यावर विश्वास ठेवता का, असं एखाद्या इंजिनिअरला विचारून पाहा. तो हसेल, नाही म्हणेल, आणि जाता जाता पुडा सरळ करून जाईल.

जुआंग यांनी पुडा उचलून तारीख वाचली. त्यांचे गाल फुगले.

"संपलाय!" ते म्हणाले. "याची मुदत उन्हाळ्यातच संपलीय!"

खोलीत एकदम मोकळं वाटू लागलं. यो मॅडमनी मीटर पिशवीत टाकला. फान यांनी जाकिटाची चेन वर ओढली. चिप नव्हे, वीज नव्हे, पडदा नव्हे, कार्ड नव्हे. खापर फोडायला असं डोकं सापडलं होतं की जे कोणाच्याच खात्यात नव्हतं.

"मुदत संपलेला पुडा!" फान म्हणाले. "आमच्या कारखान्यात यावरून एक व्यवस्थापक बदलला होता. जुआंग, धावा."

जुआंग कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि हाशहुश करत परत आले. हातात पिवळा पुडा.

"पिवळा?" संचालक फान पलंगावरून उठलेच. "अहो, पिवळा दिवा म्हणजे इशारा! बाहेर न्या आधी. या खोलीतही नको."

"हिरवे संपले होते, साहेब. शनिवार आहे. लोक पुडे बदलतात."

"मग दुसऱ्या दुकानात जा!"

जुआंग परत पळाले. फान आणि यो मॅडम जुना पुडा काढल्यावर माथ्यावरची जागा कोणत्या फडक्याने पुसावी याची चर्चा करू लागले. ल्याव मात्र कोपऱ्यात ठेवलेल्या खोक्यापाशी जाऊन बसले.

खोकं त्यांचंच होतं. निवृत्तीआधी त्यांनी मंजूर केलेलं शेवटचं. त्यावर सोनेरी ड्रॅगन होता, पंख पसरलेला, तोंडातून ज्वाळा, खोक्याच्या सहाही बाजूंनी वळसा घालून गेलेला. दरवर्षी विक्री विभाग म्हणे, ड्रॅगन मोठा करा. दरवर्षी ल्याव ड्रॅगन मोठा करत. आणि ड्रॅगन वाढला की कशाला तरी आकसावं लागतंच. खोक्याच्या पाठीवर पूर्वी एक चित्र असायचं, कार्ड कसं जोडावं याचं. ते आधी अर्धं झालं, मग टपाल तिकिटाएवढं, मग ड्रॅगनच्या शेपटीखाली गेलं. शेवटच्या वर्षी शेपटीलाच जागा पुरेना, तेव्हा ल्याव यांनी स्वतःच्या सहीने ते झाकणाच्या आतल्या पाकळीवर, दुमडीच्या खाली ढकललं होतं. "कोण वाचतंय?" असं ते तेव्हा म्हणाले होते आणि बैठकीत सगळे हसले होते.

काखेत कळसा म्हणतात तो असा. त्यांनी पाकळी उलटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खोकं नाकाला लावलं. तिळाएवढ्या चित्रात एक पडदा होता. त्यातून एक केबल निघाली होती आणि बाण कार्डाच्या भोकात शिरत होता. वरच्या उघड्या भोकावर फुली मारलेली होती. खाली मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पडदा कार्डालाच जोडा. आधी टोपण काढा.'

ल्याव यांना कोणीतरी श्रीमुखात द्यावी तसं झालं. सगळा दिवस, ही समिती, हे माकड, हे बांबू, सगळं एका रबरी टोपणापायी. आणि टोपण काढा म्हणणारं चित्र लपवणारा माणूस साता समुद्रापलीकडचा नव्हता.

सांगून टाकावं का? त्यांनी पलंगाकडे पाहिलं. 'कार्डवाले ल्यावसाहेब' हे नाव आज सुटलं की उद्या लिफ्टपाशी आधी तुम्ही म्हणणारं कोणी उरणार नव्हतं. नुसती रिकामी लिफ्ट.

"मिळाला!" जुआंग दारात उभे होते, छातीशी हिरवा पुडा.

संचालक फान यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तारीख मोठ्याने वाचली, यो मॅडमनी ती पुन्हा वाचून खात्री केली, आणि तिघंही कॅबिनेटपुढे माना लववून उभे राहिले. विश्वास कोणाचाच नव्हता. पण वाकायचं कोणी टाळलं नाही.

"मी मागून आधार देतो," ल्याव पुटपुटले आणि टेबलाखाली शिरले. धुळीत आडवे होऊन त्यांनी चाचपडत कार्डाचं एक टोपण ओढलं. वरच्या भोकातली केबल उपटली. खालच्या भोकात सारली. वर, त्याच क्षणी, संचालकांनी पुडा माथ्यावर ठेवला.

पडदा उजळला.

"आला!" जुआंग ओरडले. "आला, आला!" यो मॅडमनी टाळ्या वाजवल्या. फान कोणाकडेच न बघता म्हणाले, "तारीख महत्त्वाची असते." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि कावळ्याचा सत्कार चालला होता.

ल्याव टेबलाखालून बाहेर आले तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. सगळे पडद्याकडे बघत होते.

पडद्याच्या मधोमध यू-थोंगचा गुप्त शब्द मागणारी छोटी चौकट होती, आणि मागे, पूर्ण पडदाभर, तिने केलेलं चित्र. एक भलं थोरलं फाटक. फाटकापुढे एक सोनेरी ड्रॅगन बसलेला. अंगात बनियन, डोळ्यांना ल्याव यांचा जाड काड्यांचा चष्मा, पायांत निळ्या-पांढऱ्या सपाता, तोंडातून ज्वाळा. त्याच्यापुढे एक बोटभर मुलगी चित्रांची गुंडाळी छातीशी धरून उभी होती. ड्रॅगनच्या एका बाजूला एक वृद्ध कासव, निळं जाकीट घातलेलं, एक पाय वर करून काहीतरी सांगता सांगता थांबलेलं. दुसऱ्या बाजूला एक बगळा, उंच मानेचा, चोचीत मीटर. आणि खाली डबक्यात गाल फुगवलेला बेडूक.

पंखे तेवढे नव्या दमाने फिरत होते.

"हे कासव," शेवटी संचालक फान म्हणाले, "कोणत्या कंपनीचं असावं?" जाकिटाची चेन त्यांनी हळूच खाली ओढली.

"आमच्या खात्यात मीटर सगळ्यांकडेच असायचे," यो मॅडम म्हणाल्या. "हा बगळा कोणीही असू शकेल."

"बेडूक मी नाही," जुआंग म्हणाले. त्यांचे गाल फुगलेले होते. "मी गाल फुगवत नाही."

"आमच्याकडे असं कासव नव्हतं."

"चष्म्यावरून तर काही ठरत नाही. चष्मे सगळेच घालतात."

प्रत्येकजण आपापलं निर्दोषत्व सिद्ध करत असताना दार उघडलं आणि यू-थोंग आत आली. खांद्यावर पिशवी, वाऱ्याने केस विस्कटलेले. तिने आधी उघडं कॅबिनेट पाहिलं, मग बशीतले स्क्रू, मग पलंगापाशी उभी समिती, आणि मग पडद्यावरचा ड्रॅगन आणि त्याच्या शेजारी उभा असलेला, कोपरापर्यंत धुळीने माखलेला बाप. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खरंच…"

संचालक फान घसा खाकरून म्हणाले, "चिंता नको, मुली. पुड्याची तारीख उलटली होती. आम्ही दुरुस्त केलं. आणि हे चित्रातलं कासव जे आहे ते…"

"हा ड्रॅगन मी आहे," ल्याव म्हणाले.

त्या खोलीत दुपारपासून पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी आपल्या खात्यात घेतलं होतं.

"मीच आहे हा," ल्याव पुन्हा म्हणाले. आता थांबायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "आणि हा डबा मीच उघडला. तुला नवं कार्ड बसवायचं होतं, न सांगता. केबल मी चुकीच्या भोकात घातली. पुड्याचा काही संबंध नाही, साहेब, केबल मी आत्ता टेबलाखालून बदलली. मला कार्डातलं काही कळत नाही. मी जन्मभर खोकी केली. खोक्यांवरचे ड्रॅगन. त्यांवरच आपलं पोट भरलं, थोंग, आणि गच्चीवर मी तुला काय बोललो? मी चुकलो."

शिऊ-चिनबाई दारात चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती खाली ठेवली.

"पुड्याचा संबंध नाही, असं ठामपणे म्हणता येत नाही," संचालक फान जाकिटाची चेन परत वर ओढत म्हणाले. मग समिती एकेक करून बाहेर पडली. लिफ्टपाशी आज कोणी कोणाला आधी तुम्ही म्हटलं नाही. तिघंही जिन्याने गेले.

यू-थोंगने पिशवी पलंगावर टाकली. ती खुर्चीवर बसली, चौकटीत तिचा शब्द टाकला आणि काम उघडलं. इथे ड्रॅगन नुसतं चित्र नव्हता, तो वळत होता, श्वास घेत होता. जुन्या कार्डावर हे सगळं मातीच्या गोळ्यांसारखं दिसायचं आणि अडकत अडकत फिरायचं. आता ड्रॅगनचा एकेक खवला वेगळा चमकत होता. ती जरा वेळ नुसतीच बघत राहिली. स्वतःचंच काम ती पहिल्यांदा धड बघत होती.

"राग आला?" मान न वळवता तिने विचारलं.

"छे." ल्याव यांनी चष्मा पुसला. मग खोकी तपासणारा माणूस जे बोलेल ते ते बोलले. "एक चूक आहे. माझ्या डाव्या सपातेचा पट्टा तुटलाय. तू धड दाखवलाय."

यू-थोंगने माऊस सरकवला. पडदा ड्रॅगनच्या पायापाशी गेला, जवळ, आणखी जवळ. डाव्या सपातेचा पट्टा तुटलेला होता. तो लाल वायरीच्या तुकड्याने बांधला होता, दोन वेढे आणि वर एक वाकडी गाठ, अगदी जशी ल्याव यांनी गॅलरीत बसून मारली होती तशी.

"हे कधी केलंस?"

"सणाच्या रात्री. गच्चीवरून खाली आले ना, तेव्हा." तिने पडदा वर, ज्वाळांपर्यंत नेला. "तुम्हाला शेपटीपासून पेटवून देणार होते मी. वरून सुरुवात केली, चष्मा केला, ज्वाळा केल्या. मग सपातांपर्यंत आले, आणि तिथपर्यंत राग पुरला नाही."

ल्याव यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तो धुळीचा आहे हे लक्षात येऊन उचलला, आणि तिने तो परत ओढून घेतला.

"बाबा, ओसाकावाले आता येतील पडद्यावर," ती म्हणाली. "जा, हात धुवा. आणि पेरू असेल तर कापा."

ल्याव स्वयंपाकघरात जाऊन पेरू कापायला लागले.